झोपलेला काटा

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. पेट्रोलच्या जुन्या गाडीत आरपीएम मीटर ठिणग्यांवरून फेरे मोजतो. डिझेलच्या बोटीत तशी सोयच नाही. जुन्या बोटींत इंजिनापासून मीटरपर्यंत एक फिरती केबल असायची. ती खाऱ्या हवेनं गंजायची आणि एक दिवस तुटायची. आता बऱ्याच बोटींत मीटरची वायर ऑल्टरनेटरला जोडलेली असते. धक्क्यावर त्याला अजून डायनामोच म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणतो. म्हणजे सुकाणूसमोरच्या फळीवरचा तो काटा इंजिनाचे फेरे सांगतो असं आपण समजतो खरं. पण इंजिनाशी त्याची ओळखच नसते. जे काही ऐकतो ते डायनामोकडून.

हे कळलं ते मुंबईत, कफ परेडच्या मच्छीमार नगरात, जुलै संपत आला असताना. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी. या दिवसांत इथे बोटींची आजारपणं निघतात. कुणी फळ्यांच्या सांधी भरतो, कुणी जाळ्याची भोकं विणतो, कुणी इंजिनाचं डोकं उघडून बसतो. बधवार पार्कच्या मागून गल्लीत शिरलं की आधी डिझेलचा वास, मग ओल्या चिखलाचा, आणि या दोन्हींना पुरून उरणारा जुन्या सुक्या मासळीचा. मान वर केली की वर्ल्ड ट्रेड सेंटरचा मनोरा. त्याच्या काचांमागे बसलेल्यांना खालचं हे ठोकाठोकीचं जग बहुधा ताडपत्रीच्या निळ्या ठिपक्यांएवढंच दिसत असेल.

मच्छीमार नगरावर लिहिणारा जो तो २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीवर येतो. याच किनाऱ्याला रबरी होडीतून मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी उतरले आणि त्यांना पहिल्यांदा हटकलं ते इथल्याच माणसांनी. ते विसरण्यासारखं नाहीच. पण वर्षाचे बाकीचे दिवस इथे लोक वायरी, पट्टे आणि पंप यांच्याशी झगडतात, त्याची बातमी होत नाही.

त्या दिवशी भरतीला एक छोटी बोट पाण्यात उतरवली होती. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, आरपीएम मीटरचा काटा मात्र शून्यावर. नाखव्यानं हँडल दाबून इंजिन जोरात रेस केलं, तसा काटा एकदम दचकून उठला. आणि मग हँडल खाली आणलं तरी नीट चालत राहिला. बंद करून पुन्हा चालू केलं, की पुन्हा शून्य.

धक्क्यावर सल्ल्यांचा तुटवडा कधीच नसतो. एक म्हणाला मीटर बदला. दुसरा म्हणाला अर्थिंग तपासा. नाखवा स्वतः बेफिकीर होता. "मीटर मेला तरी इंजान जिता हाय ना?" त्याचं खोटं नव्हतं. वडिलांच्या बोटीवर वाढलेला हा माणूस इंजिनाच्या आवाजावरून पंख्यात प्लास्टिक अडकलंय की जाळं, हे सांगतो. फेरे मोजायला त्याला काट्याची गरज कधी पडलीच नाही.

मग वायरमन आला. तरुण होता. त्यानं आधी डायनामोच्या मागचं झाकण काढलं. मीटरची वायर जिथे बसते, त्या डब्ल्यू टर्मिनलवरचं थिंबल हिरवं पडलं होतं. खाऱ्या हवेनं तांब्यावर चढणारा तो मोरचूदी रंग दिसायला सुरेख, पण विजेच्या वाटेतला धोंडा. घासून चकचकीत केलं, पुन्हा आवळलं, ग्रीस लावलं. काटा तरीही झोपलेलाच. मग पट्टा बोटानं दाबून पाहिला. ताण बरोबर होता. पट्टा घसरला की डायनामोचे फेरे कमी पडतात आणि काटा इंजिनाबद्दल खोटं बोलतो.

इथे डायनामोचं पोट थोडं उघडावंच लागेल. आत एक फिरता लोहचुंबक असतो, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशा लोखंडी नखांचा. नखं बारा असतील तर एका फेऱ्यात विजेच्या सहा लाटा उठतात. पुली दुप्पट वेगाची असेल तर इंजिनाच्या मिनिटाला १५०० फेऱ्यांना डायनामोचे ३०००, म्हणजे सेकंदाला ५०, आणि लाटा ३००. मीटर या लाटा मोजतो आणि त्यांचे फेरे करून दाखवतो. म्हणूनच डायनामो किंवा पुली बदलली की मीटरच्या पाठीवरचा स्क्रू फिरवून त्याला नवा हिशेब शिकवावा लागतो. पण हा लोहचुंबक जन्मजात नव्हे, वीज दिली की तो जागा होतो. वीज बनवायला आधी थोडी वीज हवी! ती उसनी मिळते बॅटरीकडून, आणि येते चार्जिंगच्या लाल दिव्यातून.

मी आजवर त्या दिव्याला निव्वळ सूचना समजत होतो. तो खरं तर वाटच आहे. चावी फिरवली की बॅटरीची वीज दिव्यातून डायनामोत जाते, म्हणून दिवा लागतो. डायनामो स्वतः वीज बनवू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो, वीज वाहायची थांबते आणि दिवा विझतो. त्याचं विझणं ही चांगली बातमी.

वायरमननं फळी मागून पाहिली आणि हसला. "नाखवा, हा दिवा कुणी बदलला?" जुना बल्ब उडाला होता, म्हणून पोरानं एलईडी बसवला होता. उजेड जास्त, बॅटरी कमी खातो. घरात शहाणपणाचीच गोष्ट. पण बारा व्होल्टचा तीन वॅटचा बल्ब पाव अँपिअर वीज सोडतो आणि एलईडी त्याच्या दहाव्या हिश्शाएवढीही सोडत नाही. तेवढ्यानं चुंबक जागा होईना. रेस केल्यावर लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वानं तो कसाबसा उठायचा. साधा बल्ब बसवला, चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला, काटा आठशेवर आला. बॅटरीवर व्होल्टमीटर धरला तर साडेबाराचे चौदा व्होल्ट झाले होते.

नाखव्यानं काट्याकडे पाहिलंही नाही. चौदा व्होल्ट मात्र पुन्हा एकदा दाखवायला लावले. कारण वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर, रात्रीचे दिवे, खलाशांचे मोबाइल, सगळे त्याच बॅटरीचे खाणारे. इंजिन कानानं चालवता येतं. काळोखात, किनारा दिसत नसताना, मेलेला वायरलेस मात्र कानानं चालत नाही. इंजिन हळू चालवत जाळं ओढताना डायनामो झोपलेलाच राहिला असता, आणि हे कुणाच्या लक्षात आलं असतं ते बॅटरी संपल्यावर.

तेव्हा ज्यांच्या बोटीत अशी जुनी जोडणी आहे त्यांनी नारळी पौर्णिमेआधी एवढं करावं. इंजिन बंद असताना चावी फिरवून लाल दिवा लागतो का ते पाहावं. लागत नसेल, किंवा तिथे एलईडी असेल, तर मीटरच्या दुकानात जाऊ नये, आधी काही रुपयांचा साधा बल्ब आणावा. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनामो 'तपासण्याची' जी सवय धक्क्याधक्क्यावर आहे, ती सोडावी. त्या एका झटक्यात डायनामोतले डायोड जळू शकतात.