चावी दोघांच्या हाती

निवृत्त झाल्यावर वर्षातले चार महिने, म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंत, गाडीतच राहायचे आणि नर्मदेच्या काठाकाठाने हिंडायचे असे आम्ही दोघांनी ठरवले, तेव्हा इंदूरच्या घरातले सगळे हसले. "या वयात बिऱ्हाड पाठीवर?" असे विचारले गेले. शाळेच्या मेळाव्यात ही गोष्ट निघाली आणि गाडी कशी निवडली, आत काय काय केले, ते लिहून द्या असा आग्रह झाला. म्हणून हा प्रपंच.

सुरुवातीला आमच्या डोळ्यांसमोर एकच गाडी होती. शेजारच्या पीथमपूरला बनणारी मोठी ट्रॅव्हलर. आत ताठ उभे राहता येते, पलंग, ओटा, कपाट सगळे मावते. कागदावर नकाशे काढून झाले. पण नकाशात सगळेच मावते. म्हणून एका रविवारी शाळेच्या पटांगणात गाडीच्या आतल्या मापाची चौकट खडूने आखली आणि तीत पलंग, शेगडी, पाण्याचे कॅन जागच्या जागी मांडले. खेळायला आलेली मुले भोवती जमली. एकीने विचारले, "आजी, रात्री आजोबांना उठायचं असेल तर ते तुमच्या अंगावरून जाणार का?" आमच्या नकाशात ही गोष्ट आलीच नव्हती! बालमित्रांनो, घर बांधा की गाडी सजवा, आधी खऱ्या मापात आखून त्यात चालून पाहावे. कागद लाघवी असतो, फरशी खरे बोलते.

त्यानंतर एका स्नेह्यांची तशीच मोठी गाडी दोन दिवसांसाठी मागून आणली आणि महेश्वरला गेलो. घाटावरची संध्याकाळ सुरेख गेली. रात्री गावाबाहेरच्या एका पेट्रोल पंपावर, मालकाला विचारून, मुक्काम केला. आमच्यातल्या एकाला मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावे लागते. दिवसभर चालणे जास्त झाले होते आणि जेवण कमी. रात्री दोनच्या सुमारास अंगाला दरदरून घाम, हात थरथरताहेत, बोलणे अडखळते आहे. तपासले तर साखर ५२. शुद्ध होती, गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले आणि आकडा वर आला. निभावले.

पण ती पंधरा मिनिटे आम्ही विसरलेलो नाही. गाडी चालवता येणारा एकच होता आणि आजारीही तोच होता. १०८ ला फोन करता आला असता, हे खरे. तरी त्या अंधारात एवढे मोठे धूड घेऊन दवाखान्यापर्यंत जाणे दुसरीला जमले नसते. पहाटे चहा घेताना आम्ही एकमेकांना एवढेच म्हणालो, की जी गाडी दोघांना चालवता येत नाही, ती आपली नव्हे.

तिथून सगळा हिशेब बदलला. दुसरीने एकसष्टाव्या वर्षी शिकाऊ परवाना काढला. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. पहिल्या खेपेस गाडी मागे घेताना चुकली, दुसऱ्या खेपेस पास झाली. गुडघे दुखरे असल्याने क्लच नको होता, म्हणून ऑटोमॅटिक गिअरची अट आली. आणि मोठ्या ट्रॅव्हलरच्या जागी आली सात आसनांची एक जुनी पण निगुतीने वापरलेली गाडी. तिच्या मागच्या दोन्ही ओळी दुमडून सपाट होतात. आत उभे राहता येत नाही. सुरुवातीला वाईट वाटले, पण उभे राहायला बाहेर सगळा काठ आहे.

गाडीत फेरफार करण्याआधी एक गोष्ट पालकांनीही लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. आसने काढून टाकली की आसनसंख्या बदलते आणि मग परवानगी, तपासणी, विमा असे सगळे प्रश्न उभे राहतात. म्हणून आम्ही एकही आसन काढले नाही. दुमडलेल्या आसनांवर ठेवायची तीन लाकडी खोकी केली. वर गादी, आत सामान. पट्ट्यांनी घट्ट आवळायची आणि नको तेव्हा दहा मिनिटांत बाहेर.

या खोक्यांतही आम्ही ठेचकाळलो. मिस्त्रीने मजबुतीच्या हौसेने १९ मिलिमीटरचे प्लायवूड वापरले. आठ बाय चार फुटांचा असा एक ताव साधारण ३५ किलोचा होतो. सामान भरून गाडी धर्मकाट्यावर नेली, तर पुस्तिकेत दिलेल्या एकूण वजनाच्या मर्यादेला आम्ही जवळजवळ टेकलो होतो. जड गाडी उशिरा थांबते आणि घाटात हे महागात पडते. खोकी पुन्हा १२ मिलिमीटरमध्ये करून घेतली. पितळी डबे, जादा भांडी आणि चाळीस पुस्तकांपैकी पस्तीस घरी राहिली. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणून वीस लिटरचे दोनच कॅन ठेवले.

सगळ्यात जास्त विचार झाला तो विजेचा, कारण इन्सुलिन. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. पहिल्या फेरीत आम्ही ते बर्फाच्या डब्यात ठेवले होते. एक पेन बर्फाला चिकटून गोठले. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटले तरी वापरायचे नसते, टाकून द्यावे लागले. आता पंधरा लिटरचा, बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज आहे आणि त्यात वेगळा तापमापक.

आठवी-नववीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे. फ्रिजला दिवसाला सुमारे ३५० वॉट-तास, वीस वॉटच्या पंख्याला आठ तासांचे १६०, दोन दिव्यांना ४०, फोनला ३०. बेरीज ५८०. आमची १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२.८ व्होल्टची, म्हणजे १२८० वॉट-तास. ढगाळ हवेतही दोन दिवस निघतात. तेवढ्याच क्षमतेची साधी शिशाची बॅटरी अडीचपट जड असते आणि टिकवायची तर निम्मीच वापरावी लागते. गाडी चालताना बॅटरी भरते, थांबल्यावर शंभर वॉटची घडीची सौर पाटी उन्हात ठेवतो. वायरिंग जाणकार माणसाकडून, बॅटरीजवळ फ्यूज घालूनच करून घेतले. शेगडी मात्र गाडीबाहेरच पेटते. बंद गाडीत ज्योत किंवा निखारा ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

हे सगळे झाल्यावर ओंकारेश्वर, बडवानी, गरुडेश्वर अशा फेऱ्या झाल्या. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीपाशी कोकणातून आलेली मंडळी भेटली आणि आमची माळव्याची मराठी ऐकून गालात हसली. अमरकंटकच्या थंडीत प्रश्न उलटा झाला. रात्री फ्रिज बंद, आणि इन्सुलिन गोठू नये म्हणून गोधडीत!

त्याच थंडीत एका पहाटे, निघण्याआधीच्या नेहमीच्या तपासणीत साखर ६४ निघाली. या वेळी घबराट नव्हती. ग्लुकोजचा डबा दाराच्या कप्प्यात होता. आकडा सुधारल्यावरही दुसरी एवढेच म्हणाली, "अहो, चावी इकडे द्या. आज तुम्ही शेजारी बसून नदी बघा." डिंडोरीपर्यंतचा वळणावळणाचा रस्ता तिने चालवला. चाळीस वर्षे गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी पहिल्यांदाच रस्त्याऐवजी बाहेरचे रान पाहिले.

मोठी गाडी घेतली असती तर तो दिवस पंपावर बसून गेला असता. आमच्या वयाच्या वाचकांना म्हणूनच सांगणे आहे, की गाडी पसंत करताना आधी आपल्यातल्या कमी सवयीच्या माणसाला चाकामागे बसवा. गादी, फ्रिज, पडदे मागाहून होतात.

गाडी सध्या ओटल्यासमोर उभी आहे. मुलांनी शिक्षकांबरोबर अवश्य यावे. मापाची पट्टी आणावी. चुका दाखवल्यास राग नाही.