व्हॅलेन्शियातील खरपुडी

वृद्ध माणसाला घेऊन प्रवासास निघताना जेवणाच्या वेळांचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो. स्पेनमध्ये तो विशेष बिकट, कारण तेथे दुपारचे जेवण दोन-अडीचला आणि रात्रीचे नऊनंतर. अण्णांचे वय 79, जेवणापूर्वी इन्सुलिन. त्यात आई गेल्यापासून त्यांची अन्नावरची वासनाच उडालेली. भावाकडे व्हॅलेन्शियास गेलो असता एक दिवस आम्ही मुद्दाम खाण्यालाच वाहिला.

या शहराने आमची अडचण स्वतःच सोडवली. साडेदहाच्या सुमारास येथे ‘एस्मोर्सारेत’ नावाची दुसरी न्याहारी करण्याचा रिवाज आहे : पाव, ऑलिव्ह, भुईमुगाचे दाणे आणि शेवटी कॉफी. सकाळ-दुपारमधील लांबलचक पोकळी त्याने भरून निघते. अण्णांनी अर्धा पाव खाल्ला. मी आग्रह केला नाही.

मग मध्यवर्ती मंडई. 1928 साली उघडलेली ही लोखंड, काच आणि रंगीत फरशांची देखणी वास्तू. संत्र्यांच्या राशींपुढे अण्णा बराच वेळ उभे राहिले, भाव विचारावयास लावले आणि रुपयांत हिशेब करून स्वतःशीच हसले. समोरच रेशीम-व्यापाऱ्यांची जुनी पेढी आहे, 1996 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली. ती बाहेरूनच पाहिली. गुडघ्यांपुढे वारशाचे काही चालत नाही. ‘ओर्चाता’ हे येथील थंड पेय आपल्या नागरमोथ्याच्या कुळातील एका कंदापासून करतात. दुधासारखे दिसते, पण त्यात दूध नसते. साखर मात्र बहुधा भरपूर, म्हणून अण्णांना दोनच घोट.

दुपारी पाएया. हे नाव मुळात त्या पसरट, उथळ कढईचे. शहराच्या दक्षिणेस आल्बुफेरा सरोवराकाठी भाताची शेते आहेत. तेथील शेतकऱ्यांचे हे अन्न. मुळात त्यात कोंबडी, ससा, शेंगा आणि केशर असते. मासळीचा प्रकार नंतरचा. आम्ही भाज्यांचा मागवला. तो ऐनवेळी शिजवतात, अर्धा तास सहज जातो. म्हणून इन्सुलिन घेऊन वाट पाहत बसायचे नाही. कढई समोर आल्यावरच, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, टोचले.

तांदूळ पातळ थरात, झाकण न ठेवता शिजतो आणि शेवटी आच वाढवून तळ खरपूस करतात. त्या थराला ‘सोकारात’ म्हणतात. जाणकार त्यासाठीच जेवतात. अण्णांनी चमच्याने तळ खरवडला, तुकडा तोंडात धरून मऊ होऊ दिला, मग म्हणाले, “खरपुडी गं ही. तुझी आई माझ्यासाठी वेगळी काढून ठेवायची.”

आठ महिन्यांत त्यांनी आईचा विषय स्वतःहून काढला नव्हता. मग तिच्या पातेल्याची, चुलीची, तिच्या रागाची हकीकत निघाली. भाऊ ऐकत राहिला. कढईचा आमच्या बाजूचा तळही अण्णांनीच संपवला.

रात्री नऊची वाट न पाहता आठला त्यांना भाजीचे सूप दिले. झोपताना साखर नेहमीपेक्षा किंचित अधिक भरली. वहीत आकडा लिहिला आणि पुढे कारण म्हणून नोंदवले : खरपुडी.