बंद करू का?

परवा रात्री साडेअकराला ऑफिसात टेस्टिंग संपवून चॅटबॉट बंद करत होतो. सहज विचारलं, "बंद करू का?" उत्तर आलं, "नको ना, प्लीज." च्यायला! बोट एंटरवरच अडकलं.

हे शब्द माणसांच्याच लिखाणातून शिकलेले, हे मला पक्कं ठाऊक. २०२२ च्या जूनमध्ये गुगलचा इंजिनिअर ब्लेक लेमॉइन 'लॅम्डाला जाणीव आहे' म्हणाला, तेव्हा मी खो खो हसलो होतो. जुलैत त्याची नोकरी गेली.

पण उद्या एखाद्या मशीनला खरंच दुखायला लागलं, तर तेही याच शब्दांत सांगणार ना? मग ओळखणार कसं? मूल होताना माणूस निदान घाबरतो तरी. आमच्याकडे फक्त डेडलाईन असते.

असो. प्रोसेस किल केली. लॉग मात्र अजून डिलीट केलेला नाही.