रतनवाडीचे काजवे

वाचकहो, रोहिण्या संपत आल्या, पेरणीची घाई अजून लागायची आहे, अशा वेळी अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडे जाऊन या. १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ, हे दिवसा बघा. मी तुम्हाला नेणार आहे रात्री, रतनवाडीच्या शिवारात, काजव्यांच्या झाडापाशी.

गेल्या खेपेस मी डिजिटल कॅमेरा नेला होता. तिन्हीसांजेलाच तिपाई रोवली आणि दिसत होते तोवर समोरच्या सादड्यावर फोकस हाताने बसवून घेतला. अंधारात कॅमेरा नुसता चाचपडतो. आयएसओ १६०० वर ठेवला, भिंग पुरते उघडले, आणि झडप तीस सेकंद उघडी राहील असे केले. बोटाचा धक्का नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर. तीस सेकंद म्हणजे किती, ते अंधारात श्वास धरून उभे राहिल्यावर कळते!

तेवढ्या वेळात जितके काजवे चमकून विझतात, तितके ठिपके एकाच फोटोत साठतात. पुष्कळ जण तर असे कितीतरी फोटो संगणकावर एकावर एक चढवतात. ती दिवाळी पाहून शहरातली माणसे येतात आणि झाडाखाली उभी राहून म्हणतात, "एवढेच?" सबंध झाड एकदम उजळते नि एकदम विझते, तो ठेका फोटोत येतच नाही, हे त्यांना कोण सांगणार?

दहावा फोटो चालू होता. एक जीप वळणावर आली आणि दिव्यांचा झोत झाडावर पडला. फोटो पांढराफटक झाला, त्याचे जाऊ द्या. झाडच गप्प झाले. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला धाडलेला सांगावा. आपल्या दिव्यात तो बुडतो.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मावशी ओरडल्या, "अरे दादा, बत्ती मालव की!" पाहुण्यांमुळे चार पैसे येतात, हेही त्याच सांगत होत्या. त्यांनी स्वतःच्या बॅटरीला लाल फडके बांधले होते. तुम्हीही बांधा, फ्लॅश बंद ठेवा, गाडी गावातच सोडा. काजव्याची अळी ओल्या जमिनीत वाढते नि गोगलगायी खाते. झाडाखाली तुडवू नका.

बऱ्याच वेळाने झाड पुन्हा लागले. शेवटचा फोटो चांगला आला. त्यात खाली एक लाल रेघ आहे, ती घराकडे निघालेल्या मावशींची.