रोग टोकाला असतो

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी एक अट घातली होती : वाचकांना ओहम आणि अँपिअरमध्ये अडकवू नका. मी कबूल केलं खरं, पण लिहायला बसल्यावर कळलं, की ते दोन्ही पूर्ण वगळले तर माझ्या कामाबद्दल खरं असं काही सांगताच येणार नाही. थोडे येतील. वाचकांनी तेवढे सोसावेत.

माझं काम असं, की जुन्या मोटारीचं वायरिंग गाडीतून उतरवायचं, उलगडायचं, धुवायचं, खराब तेवढं बदलायचं आणि पुन्हा बांधून गाडीत चढवायचं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. आजूबाजूला फाउंड्र्या आणि लेथ. लोखंडाचं काम इथल्या माणसाला नजरेनं कळतं. इंजिन उघडलं, की मालक स्टूल घेऊन शेजारी बसतो, पिस्टन हातात घेऊन बघतो. वायरिंगपाशी कुणी बसत नाही. टेप मारलेला काळा जुडगा बघून एकच वाक्य येतं, "वायरिंगच हाय न्हवं मिस्त्री, नवं टाका की." त्या जुडग्यात गाडीचा प्रत्येक दिवा, हॉर्न, वायपर, स्टार्टर आणि मीटर यांची वाट असते. गाडीला आग लागली आणि पेपरात 'शॉर्टसर्किटने' असं छापून आलं, की तेवढ्यापुरता लोकांना वायरिंगचा धाक वाटतो.

सध्या माझ्या फळीवर एका प्रीमियर पद्मिनीचं वायरिंग आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली गाडी. मालकीणबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, गाडी त्यांच्या वडिलांची. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं होतं, की जुनं वायरिंग कुजलंय, फेकून द्या. बाई नवा तयार हार्नेस पिशवीत घालूनच आल्या होत्या. मी त्यातल्या एका वायरीचं टोक सोलून ब्लेडनं खरवडलं. वरून तांबूस, आतून पांढरं. तांब्याचा पातळ मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम ते. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त विरोध करतं, म्हणजे त्याच जाडीच्या वायरीतून तितकाच करंट गेला तर ती जास्त तापते. शिवाय त्या हार्नेसमध्ये निम्म्या वायरी एकाच लाल रंगाच्या होत्या. मग जुन्या वायरिंगची एक वायर सोलून त्यांच्या हातावर ठेवली. टोकापासून वीतभर आत तांबं लखलखीत होतं. "मग कुजलंय काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "टोकं."

लोकांना समजावून सांगताना मी सगळ्यात जास्त इथेच थकतो. जुन्या गाडीत वायर मध्येच क्वचित मरते. रोग टोकाला असतो : कपलरच्या पिना, फ्यूजच्या चिमट्या, बॉडीला आवळलेली अर्थिंगची थिंबलं आणि नंतर कुणीतरी पिळून टेप मारलेले जोड. पद्मिनीचे फ्यूज चिनीमातीचे, दोन्ही टोकांना निमुळते. ते पितळी पट्ट्यांत नुसते दाबून बसवलेले असतात. पट्टी सैल पडली, तिच्यावर काळपट थर आला, की फ्यूज शाबूत असूनही दिवा मिणमिणतो. मालक बल्ब बदलतो. नव्यानंही भागलं नाही, की शंभर वॅटचा टाकतो. मूळ वायर बेताच्या करंटसाठी, तिच्यातून आता दोन्ही दिव्यांचे सोळा-सतरा अँपिअर जातात, आणि स्विच वितळायला लागतो.

आता ओहम. दिव्यांच्या वाटेत एखाद्या कपलरला फक्त 0.1 ओहम विरोध तयार झाला आणि 10 अँपिअर करंट वाहत असला, तर तिथेच एक व्होल्ट खर्ची पडतो. बारा व्होल्टच्या दिव्याला अकराच पोचतात, आणि उजेड जवळजवळ चौथाईनं घटतो, कारण बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगानं खाली येतो. तो हरवलेला एक व्होल्ट दहा वॅटची उष्णता होऊन बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या कपलरमध्ये बसतो. कपलर पिवळा पडतो, मग तपकिरी, मग पिनेची पकड ढिली होते, विरोध आणखी वाढतो.

हा दोष मल्टीमीटरच्या 'बीप'नं सापडत नाही. नवी पोरं वायरीच्या दोन टोकांना मीटर लावतात, बीप वाजला की "वायर ओके" म्हणतात. चौदा तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. एवढंच काय, दिवा बंद असताना त्या एका तारेतून मीटरला पूर्ण बारा व्होल्ट दिसतात. वायरची परीक्षा भार टाकूनच घ्यावी लागते. दिवा चालू करा, मीटरची एक टोचणी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी दिव्याच्या पिनेवर ठेवा. वाटेत किती व्होल्ट हरवले ते मीटर सरळ सांगेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं, की मी त्या वाटेतला प्रत्येक जोड उघडतो.

वायरिंग उतरवण्याआधी फोटो काढायचे आणि प्रत्येक टोकाला आकडा लिहिलेली कापडी पट्टी बांधायची. मग मोठ्या फळीवर खिळे ठोकून वायरिंग मूळ आकारात पसरायचं. कारखान्यातही हार्नेस अशाच पाटावर बांधतात. फांदी कुठून फुटते आणि किती लांब आहे, हे त्या खिळ्यांमुळे हरवत नाही. टेप ब्लेडनं उभा चिरायचा नाही, आत वायरीला खाच पडते आणि ती वर्षभरानं बोलते. केस वाळवायच्या ड्रायरनं थोडा ऊन करून टेप सोलत जायचा.

धुण्याच्या बाबतीत मला खरोखर राग येतो. आपल्याकडे प्रत्येक गोष्ट पेट्रोलनं नाही तर थिनरनं धुतात. वायरीचं आवरण पीव्हीसीचं, ते मऊ राहतं आत मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. पेट्रोल, थिनर तोच ओढून काढतात. धुतल्या दिवशी वायर नव्यासारखी दिसते, पुढे ती वाकवली की तडकते. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे थेंब आणि मऊ ब्रश एवढ्यावर नव्वद टक्के घाण निघते. टेपचा चिकटा राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही एका कोपऱ्यात लावून बघून. टिनचा मुलामा असलेल्या पिनेवर सँडपेपर कधीच नाही. मुलामा काही मायक्रॉनचा असतो, दोन घासांत तो जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. उघड्या पितळेच्या काळ्या टर्मिनलांना सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी पुरतं. मग खायच्या सोड्याचं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर, मग पूर्ण वाळवण.

काच पुसायचं अमोनियावालं लिक्विडही नको. याला जुना दाखला आहे, आणि तो आपल्याच देशातला. इंग्रजांच्या काळात इथल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात साठ्यातच चिरायची. कुणी ती झाडलेलीही नसायची. साठा तबेल्यांजवळ असायचा. हवेतला दमटपणा, घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि काडतूस घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिन्हींचा मेळ बसला की पितळ तडकतं, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये उलगडून दाखवलं. आपलं टर्मिनलही पितळेचा पत्रा वाकवूनच घडवलेलं असतं, म्हणजे ताण आलाच. ज्या गाडीत उंदरांनी संसार थाटलाय, तिथे अमोनियाही येतो. उंदरानं कुरतडलेली वायर सगळे बदलतात. त्याच्या मुतानं भिजलेला कपलर मात्र पुसून परत बसवतात. मी तिथली टर्मिनलं भिंगाखाली बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

आता सोल्डर की क्रिंप. या वादावरून माझं चांगल्या चांगल्या मित्रांशी वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वायर जोडायची किंवा टर्मिनल बसवायचं तर आपल्याकडे 'डाख दिलेला जोड पक्का' अशी ठाम समजूत आहे. रेडिओच्या आत, बोर्डवर ती खरी आहे. मोटार थरथरते. सोल्डर पातळ होऊन वायरीच्या बारीक तारांतून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. जिथपर्यंत चढलं तिथपर्यंत वायर काडीसारखी ताठ होते, त्याच्या पुढे लवचीक राहते. थरथरीचा सगळा वाक त्या सीमेवर येतो, आणि एकेक तार तिथे तुटत जाते. बाहेरून आवरण अखंड, जोड चकचकीत, आत दोन तारा शिल्लक. त्यात कुणी नवसागर किंवा रेडिएटरवाल्यांचं ॲसिड वापरलं असेल, तर उरलेलं क्लोराइड दमट हवेत तांबं हिरवं करत राहतं.

क्रिंपमध्ये टर्मिनलचे दोन जोडी पंख असतात. एक जोडी उघड्या तांब्याला धरते, दुसरी आवरणाला धरून ओढ सोसते. योग्य साच्यात, योग्य दाबानं दाबलं तर तारा एकमेकींत इतक्या रुततात, की मध्ये हवा जायला फट उरत नाही. हवा नाही तर गंज नाही. मोटार कारखाने क्रिंप करतात, विमानांतही क्रिंपच होतं. पण पकडीनं चेपलेलं टर्मिनल म्हणजे क्रिंप नव्हे. माझ्याशी वाद घालणारे बहुतेक जण ते चेपलेलं टर्मिनल ओढून काढून दाखवतात आणि म्हणतात, बघा, निघालं. निघणारच. साचा वायरीच्या मापाचा हवा, आणि पुरता दाब बसल्याशिवाय न सुटणारं रॅचेटचं हत्यार हवं. ते महाग असतं, आणि वादाचं खरं मूळ तिथे आहे असं मला वाटतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद सगळं सोल्डरच करायचे, आणि त्यांच्या हातचे जोड मी आजही जुन्या जीपांत बघतो, ठणठणीत. ते तार तारायंत्राच्या लाइनमनसारखी आधी घट्ट गुंफून घ्यायचे, राळेखेरीज दुसरा फ्लक्स शिवायचे नाहीत, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंनी वायर बॉडीला बांधून टाकायचे. जोड हलूच शकायचा नाही, मग तार तुटणार कशी? तेवढी निगा घेणारा हात असेल तर मी सोल्डरला नाही म्हणणार नाही.

दमट हवा आत शिरलेल्या वायरीचं टोक कापत जायचं, चकचकीत तांबं लागेपर्यंत. वीतभर कापूनही काळंच निघालं तर ती वायर पूर्ण बदलायची, त्याच जाडीची आणि त्याच रंगाची. रंगाबद्दल तडजोड नाही. पुढच्या मिस्त्रीला रंगावरूनच वाट कळणार आहे. बांधणी फांद्यांच्या टोकांकडून खोडाकडे, केबिनमध्ये कापडी टेप, इंजिनकडे गोंद नसलेली पीव्हीसी पट्टी. बॅटरी पहिल्यांदा जोडताना फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब लावायचा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भडक पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही. धूर निघत नाही. या कृतीमुळे मी रात्री निवांत झोपतो.

पण गेल्या पावसाळ्यात आलेली एक गाडी मनातून जात नाही. एअरबॅगवाली, दिसायला उत्तम. मालक जवळच्याच तालुक्यातले शिक्षक, गाडी त्यांनी वापरलेली घेतली होती. तक्रार एवढीच, की एअरबॅगचा दिवा कधी लागतो, कधी विझतो. मी सीटखालचा गालिचा उचलला आणि वायरिंगवरची खाचांची नळी उघडली. आत पिठासारखा बारीक, सुकलेला गाळ. गाडी पुरात उभी राहिली होती. 2019 आणि 2021 च्या पंचगंगेच्या पुरानंतर असा गाळ मी इतक्या गाड्यांत पाहिलाय, की तो ओळखायला मला भिंग लागत नाही. कुणीतरी ब्लोअरनं वाळवली, सगळे दिवे लागतात एवढं बघितलं आणि विकली. आरसी पुस्तकात गाडी पुरात बुडाल्याची नोंद होत नाही. होत असती तर त्या शिक्षकांनी पैसे मोजले नसते.

पद्मिनीचं वायरिंग मी छातीठोकपणे वाचवतो. या गाडीचं वाचवायला मी नकार दिला. तिथे सेन्सर पाच व्होल्टवर चालतात, काहींचे संकेत एका व्होल्टच्याही आत असतात. दोन पिनांमध्ये दमट गाळाची पातळ रेघ राहिली तरी कॉम्प्युटरला खोटी बातमी जाते. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांची वायर दुरुस्त करू नका, बदला, असं बहुतेक कंपन्या सांगतात, आणि माझंही तेच मत आहे. पद्मिनीत भार टाकून परीक्षा घेता येते. एअरबॅगची परीक्षा मी गॅरेजमध्ये कशी घेऊ?

शिक्षकांनी विचारलं, "मिस्त्री, तुम्ही तर पन्नास वर्षांपूर्वीचं वायरिंग नवं करून देता. हे का होत नाही?" मी त्यांना सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याहून जास्तच. ते गप्प ऐकत होते. कंपनीच्या नव्या हार्नेसचा भाव फोनवर विचारून दिला, तेव्हा त्यांनी तो वहीत लिहून घेतला आणि गाडी घेऊन गेले. ती त्यांनी बदलून घेतली की तशीच चालवतायत, मला माहीत नाही. पुढच्या कुणाला विकली असेल का, असंही मनात येतं.

तेव्हापासून वापरलेली गाडी दाखवायला कुणी आलं, की बोनेट उघडण्याआधी मी पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघतो. धुलाई करणाऱ्यांचा हात तिथवर सहसा पोचत नाही, पुराच्या पाण्याची रेघ त्याच्यावर राहून जाते. मग गालिचा उचलतो, मग नळी. याचे मी पैसे घेत नाही. गाडी घेण्याआधी ती कुठल्याही चांगल्या वायरमनकडे न्या आणि एवढं बघायला लावा.