हुमणात न पडणारा मासा

मासा म्हटला की आम्हां गोमंतकीयांच्या डोळ्यांपुढे प्रथम हुमण उभे राहते. परंतु मी ज्याच्याविषयी लिहीत आहे, ते मासे शंभर गोळा केले तरी एका वाटीचे हुमण होणार नाही. गॅम्बुशिया हे त्याचे नाव. मादी फार तर सहा-सात सेंटिमीटर लांब. नर तिच्या निम्मा. रंग मातकट, तोंड वर वळलेले. पाण्याच्या पृष्ठभागाशी लोंबकळणाऱ्या डासांच्या अळ्या टिपण्यासाठीच जणू विधात्याने ते तसे घडविले असावे! एक मोठी मादी दिवसाकाठी शंभराहून अधिक अळ्या फस्त करते.

त्याहून नवल तिच्या प्रसूतीचे. मासे अंडज, असे आपण धरून चालतो. ही मात्र जिवंत पिल्ले घालते. अंडी पोटातच वाढतात आणि तीन-चार आठवड्यांनी पोहती पिल्ले बाहेर पडतात. एका वेळी चाळीस-पन्नास, क्वचित तीनशेही. नराची एकदा भेट झाली की पुढील कित्येक वेतांना तिला त्याची गरज उरत नाही. माझ्या बरणीतील मादीने सकाळी पिल्ले घातली आणि सायंकाळपर्यंत त्यांतील निम्मी स्वतःच गिळली. आमच्या खाजनातील काळुंदराचे जोडपे आपल्या अंड्यांवर कसे डोळ्यांत तेल घालून पहारा देते, ते या मातेने पाहावे!

हा मासा मूळचा अमेरिकेचा. हिवतापाला आळा घालण्यासाठी त्याला १९२१ साली स्पेनमध्ये, १९२२ साली इटलीत आणि तेथून १९२८ साली हिंदुस्थानात आणण्यात आले. रशियात सोचीजवळ तर कृतज्ञ लोकांनी त्याचे स्मारक उभारले आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाड्यावर तापाची साथ आली, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "तुझे ते मासे नाल्यात सोडून दे बघू. डास संपतील."

मी म्हटले, "काका, नाला खाजनाला मिळतो."

तुयेपुढून शापोरा नदी वाहते. मानशीच्या दारांतून भरतीचे पाणी आत येते आणि तेथील पाणी मचूळ होते. पुष्कळ गोड्या पाण्याचे मासे तेथे टिकत नाहीत; गॅम्बुशिया मात्र सुखाने नांदतो. अळ्या संपल्या की तो इतर माशांची अंडी व पिल्ले खातो, बेडकांची पिल्ले सोडत नाही, मोठ्या माशांचे पर कुरतडतो. जगातील शंभर अतिउपद्रवी आगंतुक जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे.

परंतु हे आजीला सांगणे सोपे नव्हते. तिचा धाकटा भाऊ हिवतापाने गेला. "बेडूक मोठा की माणूस?" तिने विचारले. मला चटकन उत्तर सुचले नाही.

उत्तर नाल्यातच होते. डोक्यावर चमकता ठिपका असलेला आपला पिकू! १९८६ पासून पणजीत बांधकामांच्या साचलेल्या पाण्यामुळे हिवताप बळावला होता. पुढे गोव्यात पिकूच्याच जातकुळीतील एक मासा आणि अळ्या मारणारा एक जिवाणू यांचे प्रयोग झाले, ते १९९८ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांत डासांची पैदास घटलेली आढळली. परदेशी पाहुणा बोलावण्याचे कारणच नव्हते.

"पिकू होय?" आजी म्हणाली, "तो तर आम्ही पंचाने धरायचो."

तिने पंचा काढून दिला. त्या रविवारी आम्ही अकरा पिकू धरले आणि परसातल्या सिमेंटच्या टाकीत सोडले. गॅम्बुशिया बरणीतच आहे. परवा तिला पुन्हा पिल्ले झाली.