पाऊण मिलिमीटर साग

ब्रह्माघाटावरची आत्याची खोली रिकामी करायला घरमालकाने दीड महिना दिला होता. तांब्याची भांडी आणि पोथ्या कोणी न्यायच्या ते पहिल्याच दिवशी ठरलं. उरली दोन कपाटं. एक अख्ख्या शिसवीचं, आजोबांच्या वेळचं, चौघांना न हलणारं. दुसरं आत्याचं खणांचं कपाट: बुटकं, लांबट, सहा खणांचं, खाली निमुळते तिरके पाय आणि पायांना पितळी टोप्या. आम्ही मुलं त्याला नुसतं ‘आत्याचे खण’ म्हणायचो.

सिगऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन्हींपैकी एकच मावणार होतं. नागपूरहून आलेल्या चुलतभावाचा निकाल तयार होता. “शिसवी घे. ते दुसरं काय, वर सागाचा कागद आणि आत चहाच्या पेटीचं लाकूड!”

चहाच्या पेटीचा टोमणा आमच्या घरात जुना आहे, आणि तो अगदीच खोटाही नाही. आपल्याकडचा प्लायवुडचा धंदा वाढला तो चहाच्या पेट्यांवरच. पण आत्याने ते १९६७ साली विकत घेतलं तेव्हा तो थाट नवा होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला होता. अमेरिकेच्या अल्को कंपनीशी करार झाला होता आणि १९६४च्या जानेवारीत पहिलं इंजिन बाहेर पडलं होतं. तिथल्या कॉलनीतल्या बंगल्यांत ब्रह्माघाटाला अनोळखी असं सामान आलं: कोरीवकाम नाही, कंगोरे नाहीत, सरळ रेषा आणि बारीक पाय. तिकडे डेन्मार्कमध्ये ब्रह्मदेश-सयामचा साग वापरून असंच फर्निचर बनत होतं. लाकूड आपल्या बाजूचं आणि तऱ्हा त्यांची, ती फिरून आपल्याकडे आलेली. बदली झालेल्या एका साहेबाने सामान विकायला काढलं आणि मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या आत्याने त्यातलं हे एक उचललं. आपल्या पगारातून.

मी खण घेतले. भावाला वाटलं, मी भावनेच्या भरात घेतले. थोडं तसंही असेल, पण मी आधी ते नीट पाहिलं होतं. व्हिनियर म्हणजे कागद नव्हे. तो खऱ्या लाकडाचाच पापुद्रा असतो, जुना असेल तर अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड. पाहायचं ते हे, की दर्शनी भागावरची लाकडाची नक्षी एका खणातून शेजारच्या खणात अखंड जाते का. म्हणजे एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे कारागिराने क्रमाने लावले आहेत. आत्याच्या खणांवर एक गडद लाट डावीकडून उजवीकडे सहज वाहत जाते. मग खण बाहेर काढून कोपरे पाहायचे. इथे खिळे नव्हते, बोटांत बोटं गुंतवावीत तशी फळ्यांची टोकं एकमेकांत बसवलेली होती. शेवटी नखाने टकटक करत सगळा पृष्ठभाग ऐकायचा. जिथे आवाज पोकळ, तिथे आतला सरस सुटलेला. असे दोनच ठिकाणी निघाले. मे महिन्यातली लू आणि लगेच मागून येणारी पावसाळ्याची ओल यांच्यात अठ्ठावन्न वर्षं काढलेल्या वस्तूला दोन फुगे काहीच नाहीत. शिसवीच्या कपाटाचं दार मात्र दर पावसाळ्यात फुगून बसायचं. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसं हलत नाही. चहाच्या पेटीचं लाकूड असं कामाला येतं.

पाय आट्यांचे होते, फिरवून निघाले. गल्लीत ठेला येत नाही. दोघांनी ते डोक्यावर घेऊन कालभैरवावरून मैदागिनपर्यंत नेलं.

आणि घरी आणल्यावर मी ते बिघडवलं.

वरच्या फळीवर एक मोठा पांढुरका डाग होता. तो मला माहीत होता. सप्टेंबर १९७८मध्ये गंगा ७३.९० मीटरवर गेली तेव्हा खालच्या मजल्यावरचं बिऱ्हाड आमच्याकडे वर आलं, आणि त्यांची भिजलेली ट्रंक घाईत आत्याच्या खणांवर ठेवली गेली. मी सहा वर्षांची होते. आत्या काही बोलली नाही. ट्रंक उतरवल्यावर तिने तिथे क्रोशाचा रुमाल टाकला, तो कायमचा. मला तो डाग घालवायचा होता. पॉलिश पेपर आणला आणि रविवारी सकाळी घासायला बसले. डाग फिका होत गेला तसा उत्साह वाढत गेला. मग पुढच्या कोपऱ्याशी, चार बोटं रुंदीच्या जागेत, लाकडाचा रंगच बदलला. रेषा आडव्या झाल्या. साग संपला होता. हातात उरली ती सोनेरी भुकटी.

खोजव्याचे एक वयस्क मिस्त्री येऊन पाहून गेले. हात फिरवून म्हणाले, “बहनजी, आपने तो खाल उतार दी.” मग जमिनीवर बसून त्यांनी मला समजावलं. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटचा थेंब टाकला. जागा चिकट झाली, म्हणजे पॉलिश लाखेचं, ज्याला इकडे चपडा म्हणतात. पांढरा डाग लाकडात नव्हताच, वरच्या लाखेत ओल अडकली होती. स्पिरिटमध्ये जेमतेम ओलावलेलं फडकं हलक्या हाताने फिरवलं असतं तरी बहुतेक निघून गेला असता. फुगलेल्या जागांवर त्यांनी सुती कापड ठेवून कोमट इस्त्री दाबली, मग वजन ठेवलं. जुना सरस उबेने पुन्हा धरतो. एक फुगा बसला. दुसऱ्याला लाकडाच्या रेषेतच बारीक चीर देऊन सुईने नवा सरस भरावा लागला. पुसायचं कोरड्या मऊ फडक्याने, उन्हाच्या तिरपेत ठेवायचं नाही, गरम पेला ठेवायचा नाही. माझ्या चार बोटांना इलाज नव्हता. तिथे पॅच लावता येईल, पण तो दिसेल.

जाताजाता त्यांनी फळीच्या मागच्या कडेवर अंगठा ठेवला. “यहाँ शीशा लगता था.”

लाल लाखेने बुजवलेली दोन भोकं होती. मी ती कधी पाहिलीच नव्हती. तिथे नेहमी भिंत असायची.

संध्याकाळी आईला विचारलं. आई माझ्याकडेच असते. ती शेंगा सोलत होती. “होता ना आरसा. सासूबाईंनी काढून ठेवला.” आत्याचे यजमान १९६४ साली गेले, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि माहेरी परत आली होती. आजीने तिला नोकरी करू दिली, रंगीत लुगडी नेसू दिली, तिच्यासाठी शेजारपाजारी भांडलीही असेल. पण आरशाचं टेबल खोलीत आलं तेव्हा स्वतः पेचकस घेऊन आरसा उतरवला. बोलाचाली काही झाली नाही म्हणे. दुसऱ्या वर्षी आई लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्या खोलीत लावला.

“म्हणजे बेसिनवरचा?” मी विचारलं.

“तोच.”

गोल कोपऱ्यांचा, सागाच्या चौकटीचा. त्यात बघून मी शाळेत जाताना वेण्या घातल्या. दोनेक वेळा तर आत्यानेच मला त्याच्यासमोर उभं करून माझा भांग सरळ केला होता. ती मागे उभी होती, मला तिचा चेहरा दिसला असणार. आठवत नाही.

“ते टेबल आरशासाठीच घेतलं होतं का गं तिने?”

आईने सालं सुपात ओढली. “मी कसं विचारणार? आरसा माझ्याकडे होता ना.”

आरसा भिंतीवरून उतरवला आहे. चौकटीच्या खाली दोन पितळी खोबण्या आहेत. मोजल्या, भोकांशी जुळतात. लाख काढायची तर ती तापवावी लागेल, आणि तिच्या आजूबाजूला पाऊण मिलिमीटर साग आहे. मिस्त्री म्हणतात ते करतील, घाई करू नका. तोवर आरसा शेजारी भिंतीला टेकून ठेवला आहे. क्रोशाचा रुमाल मी पुढच्या कोपऱ्यावर सरकवला आहे.